थाळनेरचा दिंडी दरवाजा

खानदेश कुणाचा, या प्रश्नाचा निकाल साडेचारशे वर्षांत खानदेशच्या माणसांनी असा कधी लावलाच नाही. तो कधी मांडूला लागला, कधी अहमदाबादेत, कधी आग्ऱ्यात, कधी पुण्यात आणि शेवटचा मंदसोरला. आम्हा खानदेशी लोकांना यात काही विशेष वाटत नाही. रावेर-यावलच्या केळीचा भावसुद्धा अर्धाअधिक बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे बघून ठरतो, मग मुलखाचं काय घेऊन बसलात!

नकाशा समोर ठेवला की कारण कळतं. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे सुरतेला निघालेली तापी. उत्तरेतून दख्खनेत फौज उतरवायची तर असीरगडाशेजारच्या खिंडीतून नाही तर सेंधव्याच्या घाटातून यायचं, आणि दोन्ही वाटा खानदेशात उतरतात. सुरतेच्या बंदरातला माल आग्ऱ्याला न्यायचा तर तापीकाठाने बऱ्हाणपूर गाठायचं, म्हणजे पुन्हा खानदेशच. वर काळी कसदार जमीन. असा मुलूख शेजाऱ्यांनी सुखाने नांदू दिला असता तरच नवल.

असीरगड मी पाहिलेला आहे, सगळेच पाहतात. पण तो आता मध्य प्रदेशात. खानदेशच्या या ओढाताणीची पहिली आणि शेवटची जागा शोधायची तर ती धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर आहे. थाळनेर. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य तिथून सुरू झालं आणि होळकरांचा अंमल तिथे ज्या तऱ्हेने संपला त्याची चर्चा लंडनच्या पार्लमेंटात झाली. तिथे जायचं म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी जळगावच्या बसस्थानकात अमळनेरच्या एसटीत चढलो. महिना मुद्दाम निवडला होता, कारण थाळनेरची ती घटनाही याच दिवसांतली.

एसटी पाळधीवरून धरणगावला आली तेव्हा उन्हाला चांगलाच ताव आला होता. शेवटच्या वेचणीचा कापूस शेतात कुठेकुठे लोंबत होता, गहू पिवळा पडला होता. धरणगावच्या स्टँडवर बस पाच-सात मिनिटं थांबते. एवढ्या वेळात चहा होतो, इतिहास होत नाही. पण या गावाचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती, कापडाच्या खरेदीसाठी. 1675 साली मराठी फौजेने धरणगाव लुटलं, त्यात वखारही गेली. मग इंग्रजांनी सॅम्युअल ऑस्टिन नावाचा वकील नुकसानभरपाई मागायला थेट शिवाजी महाराजांकडे धाडला. आता गंमत पाहा. गाव मोगलांचं, वखार इंग्रजांची, लूट मराठ्यांची. भरपाई मागायची कुणाकडे? ज्याच्या मुलखात राहून, ज्याला जकात भरून धंदा केला त्या बादशहाकडे, की ज्याच्या घोडदळाने गाठोडी उचलली त्या राजाकडे? इंग्रजांनी दोन्हीकडे संबंध राखले. वादातल्या मुलखात दुकान कसं चालवायचं, हे कंपनीला फार लवकर समजलं होतं. दीडशे वर्षांनी, 1825 मध्ये, लेफ्टनंट आउट्रमने भिल्लांच्या पलटणीची उभारणी सुरू केली तीही याच धरणगावाशी जोडलेली. मधल्या काळात मुलूख वाटून घेण्याचे जे करार झाले, त्यांतल्या एकाही कागदावर भिल्लांचं नाव नव्हतं. डोंगर त्यांचे, घाटवाटांची राखण त्यांची, पण सही करायला त्यांना कुणी बोलावलं नाही. म्हणून त्यांनी ते कागद मानलेही नाहीत. माझ्या मते यात त्यांचं फार काही चुकलं नाही.

अमळनेरला मामांकडे मुक्काम केला. साने गुरुजींची शाळा, तत्त्वज्ञान मंदिर, सखाराम महाराजांची समाधी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं असल्यामुळे संध्याकाळ गप्पांतच गेली. मामींनी वांगी भाजायला घेतली होती. भरीत आणि कळण्याची भाकरी. उद्या थाळनेरला जायचंय म्हटल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"कसाले जास रे तठे? काय शे थाळनेरले?"

"किल्ला आहे ना, मामी."

"किल्ला! आते नुसती माती शे. लता मंगेशकरनं आजोळ शे, ते देखी ये."

मामींचं म्हणणं खरं आहे. लतादीदींच्या आई माई मंगेशकरांचं माहेर थाळनेरचं. वडील हरिदास लाड हे तिथले गुजराती शेठ. खानदेशातल्या कुठल्याही माणसाजवळ थाळनेरचं नाव काढा, तो आधी लतादीदींचं आजोळ सांगतो, मग जमलंच तर किल्ला. मला त्यात गैर काही वाटत नाही. उलट त्या लाडांच्या घरात अख्खा खानदेश दिसतो: गुजरातेतून आलेलं व्यापारी कुटुंब, तापीकाठचं मराठी-अहिराणी गाव, लेक दिली ती गोव्याच्या माणसाला आणि नात जन्मली होळकरांच्या इंदुरात. मोठमोठ्या सुलतानांना तलवारीने जे जुळवता आलं नाही ते सोयरिकीने आपसूक जुळलं. मात्र सुलतानही सोयरिकी करत होते बरं का, आणि त्यांच्या सोयरिकींतूनच लढाया निघत. तो भाग पुढे येईलच.

सकाळी मामेभावाच्या मोटारसायकलवर निघालो. तापीचा पूल ओलांडून चोपडा आणि तिथून पश्चिमेला शिरपूरचा रस्ता. ही वाट जुनी आहे. 1615 साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला तो नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर करत बऱ्हाणपूरला शहजादा परवेझच्या भेटीला पोचला. आम्ही उलट्या दिशेने चाललो होतो एवढंच. रोचं लक्ष बादशहाकडे, अजमेरकडे होतं. वाटेतली ही गावं त्याच्या दृष्टीने मुक्कामाची नावं होती. दोनशे वर्षांनी त्याच्याच देशाच्या तोफा थाळनेरच्या वेशीवर उभ्या राहतील, असं त्या दिवशी कुणी त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. तेव्हा तो व्यापाराच्या फर्मानासाठी आर्जवं करत फिरत होता.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, पपई, मका. उजवीकडे सातपुड्याची निळसर रेघ सतत सोबतीला. फाट्यावर वळलो आणि गावात शिरलो. पारावर बसलेल्या एका बाबांनी आम्हाला न विचारताच हाताने दिशा दाखवली. बाहेरचा माणूस इथे कशासाठी येतो हे त्यांना पाठ असावं.

आधी कबरी पाहिल्या. गावाबाहेर फारुकी घराण्याच्या कबरींचा समूह आहे, संरक्षित स्मारक आहे. काही चौकोनी, घुमटाच्या. एक अष्टकोनी, आणि तीच सगळ्यांत देखणी. ती मिरान मुबारकची मानतात. तिच्या दगडावरचं कोरीव काम जवळ जाऊन पाहावं असं आहे. कोनाड्यांच्या कडा, पट्ट्यांमधली वेलबुट्टी, आणि छिन्नीचा हात कुठे थांबला, कुठे पुन्हा सुरू झाला ते अजून ओळखू येतं. कारागीर गुजरातेकडचे की माळव्याकडचे, असा प्रश्न मनात आला आणि मग वाटलं, हाच प्रश्न त्या कबरीतल्या राजालाही जन्मभर पडला असणार. कुणाच्या बाजूचे आपण?

कारण फारुकींचं सगळं राजकारण याच एका प्रश्नाभोवती फिरलं. 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंद जहागीर म्हणून दिलं. दिल्ली दुबळी झाल्यावर त्याने स्वतंत्र कारभार मांडला. लगेच गुजरातच्या हद्दीतल्या सुलतानपूर-नंदुरबारवर हात टाकला आणि गुजरातचा मुजफ्फरशहा थाळनेरच्या वेढ्याला येऊन बसला. तह झाला. पुढच्या दोनशे वर्षांचा साचा इथेच पडला. सुलतानपूर आणि नंदुरबार ही दोन ठाणी कधी गुजरातची, कधी खानदेशची. गुजरात डोळे वटारू लागला की फारुकी माळव्याकडे धाव घेणार, माळवा अंगावर आला की बहमनीकडे, आणि दोघेही कामाला आले नाहीत की मुकाट गुजरातचं सार्वभौमत्व मान्य करणार.

मलिक राजा 1399 मध्ये गेला. थोरला नासिरखान असीरगड आणि बऱ्हाणपूरचा धनी झाला, धाकट्याकडे थाळनेर राहिलं. 1417 मध्ये नासिरखानाने माळव्याच्या होशंगशहाची फौज आणून सख्ख्या भावाचं थाळनेर घेतलं आणि त्याच भरात सुलतानपुरावर चालून गेला. गुजरातच्या अहमदशहाने सरदार धाडला, नासिरखान किल्ल्यात कोंडला गेला, आणि शेवटी गुजरातचं मांडलिकत्व कबूल करून 'खान' हा किताब घेऊन मोकळा झाला. मार खाऊन वर किताब! मग त्याने मुलगी बहमनी शहजाद्याला दिली. जावई सुलतान झाला, पण मुलीची आबाळ होते अशी तक्रार आली, आणि सासऱ्याने जावयाच्या वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनी सरदार खलफ हसनने त्याला पिटाळत बऱ्हाणपूरपर्यंत आणलं, शहर लुटलं. त्याच 1437 साली नासिरखान मेला. त्यालाही इथे थाळनेरलाच आणून पुरलं. पहिले चारही फारुकी इथेच आहेत.

1509 ची गोष्ट तर आजच्या बातम्यांत शोभावी अशी. गादीला सरळ वारस उरला नाही. अहमदनगरच्या अहमद निजामशहाने एक उमेदवार पुढे केला, गुजरातच्या महमूद बेगड्याने दुसरा. बेगड्याचा उमेदवार म्हणजे त्याच्या मुलीचा मुलगा. बेगडा स्वतः फौजेनिशी थाळनेरला आला, निजामशहाची माणसं मागे हटली, आणि नातू आदिलखान गादीवर बसला. म्हणजे निकाल या एका वेळी थाळनेरात लागला खरा, पण लावणारा अहमदाबादहून आला होता. पुढे अशीही वेळ आली की 1537 मध्ये दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांच्या हातून गुजरातचा बहादूरशहा मारला गेला आणि गुजरातच्या सरदारांनी त्याचा भाचा, खानदेशचा मिरान मुहंमद, यालाच गुजरातचा सुलतान म्हणून बोलावलं. दोन्ही राज्यं एक व्हायची ती संधी होती. पण अहमदाबादच्या वाटेवरच तो मेला.

या सगळ्यांत मला कणव येते ती राजा अलीखानाची. त्याची कबर बऱ्हाणपूरला आहे, इथे नाही, तरी त्याची आठवण इथेच झाली. अकबराची नजर दख्खनेवर वळली होती. 1591 मध्ये बादशहाने आपला राजकवी फैजी याला वकील म्हणून बऱ्हाणपूर आणि अहमदनगरला पाठवलं. अलीखानाने फैजीचा मोठा मान केला, मोगलांचं वर्चस्व मानलं आणि दख्खनेतल्या शेजाऱ्यांशीही गोड बोलणं चालू ठेवलं. लहान राज्याने दुसरं काय करायचं? अखेर बाजू घेण्याची वेळ आलीच. 1597 मध्ये गोदावरीकाठच्या आष्टीच्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने उभा राहिला आणि लढता लढता पडला. रात्रीच्या गोंधळात तो दिसेना, तेव्हा मोगलांनी ठरवून टाकलं की हा पळाला किंवा शत्रूला मिळाला. त्यांनी त्याचीच छावणी लुटली. सकाळी रणांगणात त्याचं प्रेत सापडलं.

तीन वर्षांनी अकबर स्वतः असीरगडाखाली आला. अलीखानाचा मुलगा बहादूरखान आत होता. 1601 च्या जानेवारीत गड पडला, फारुकींचं राज्य संपलं, आणि शहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाला काही काळ दानदेश असं नाव मिळालं. ते टिकलं नाही हे बरं झालं.

कबरींवरून किल्ल्याकडे गेलो. मामी म्हणाल्या तसंच. पांढऱ्या मातीची टेकाडं, विटांचे आणि खापरांचे तुकडे, वेडी बाभूळ, ढासळलेल्या भिंतींचे खुंट. नदीच्या अंगाला मात्र काठ एकदम तुटतो आणि तेव्हा समजतं की किल्ला इथेच का बांधला. तापी पायथ्याशी. खालून चढून यायची सोय नाही. आत शिरायचं तर गावाच्या बाजूनेच, एकामागोमाग एक दरवाजे पार करत. ते दरवाजे आज नाहीत. मामेभावाने एका उंचवट्यावर उभं राहून "इथे असेल बघ" म्हटलं. मी मान डोलावली. असेलही.

तर 27 फेब्रुवारी 1818. त्याआधी दोन महिने, 21 डिसेंबर 1817 ला, महिदपूरला होळकरांचा पराभव झाला होता. लढाईच्या आदल्या दिवशी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी ठार केलं होतं. गादीवर मल्हारराव, वय अकरा. त्याच्या वतीने तात्या जोगांनी इंग्रजांच्या माल्कमशी बोलणी केली आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसोरला तह झाला. त्या तहातल्या एका कलमाने सातपुड्यातला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सगळा मुलूख इंग्रजांना मिळाला. एका डोंगररांगेने खानदेशचा निकाल. गावांची यादी करायची तसदीही फारशी कुणाला घ्यावी लागली नाही.

महिदपूर जिंकणारा सर टॉमस हिस्लॉप फौज घेऊन दख्खनेत परत निघाला. सातपुड्याच्या माथ्यावर सेंधव्याचा किल्ला तहाप्रमाणे निमूट ताब्यात आला. घाट उतरून तो तापी ओलांडायला थाळनेरला आला, आणि किल्ल्यातून त्याच्या सामानाच्या तांड्यावर बंदुका झडल्या. किल्लेदार तुळशीराम मामा. आत अरबांची शिबंदी. हिस्लॉपने चिठ्ठी पाठवली: हा किल्ला तहाने आमचा झाला आहे, अडवाल तर बंडखोर समजू. उत्तर आलं नाही. इंग्रजांनी तोफा लावल्या. दुपार कलताना हल्ल्याची तुकडी दरवाज्यांवर चालून गेली. बाहेरचे दरवाजे फारसा प्रतिकार न होता हाती आले. किल्लेदार स्वतः पेठेतल्या काही वाण्यांसह बाहेर आला आणि शरण गेला. हे इथेच संपायला हवं होतं.

शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीत अरब उभे होते. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाज्यातला छोटा, एका वेळी एक माणूस वाकून जाईल एवढा. मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर, कर्नल मरे आणि आणखी काही जण त्यातून आत गेले. अरबांना काही अटी बोलायच्या होत्या. इंग्रजांना हत्यारं खाली हवी होती. कोण काय म्हणतंय ते समजावून सांगणारा दुभाषा त्या क्षणी तिथे नव्हता असं सांगतात. हातघाई झाली. गॉर्डन आणि मॅकग्रेगर जागीच मारले गेले, मरे जखमी झाला. मग बाहेरची सगळी फौज आत घुसली आणि किल्ल्यातल्या जवळजवळ 300 लोकांची कत्तल केली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फाशी दिलं.

तुळशीरामला तहाची बातमी होती की नव्हती, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. माझं मत विचाराल तर बातमी असणारच. 6 जानेवारी ते 27 फेब्रुवारी म्हणजे सात आठवडे. मंदसोरहून सांडणीस्वार एवढ्या अवधीत दोनदा येऊन जाईल. पण बातमी असणं वेगळं आणि धन्याच्या शिक्क्याचं पत्र हातात पडणं वेगळं. किल्लेदाराची जात अशी की धन्याच्या हुकुमाशिवाय किल्ला सोडला तर तो हरामखोर ठरतो, आणि हुकूम डावलून धरून ठेवला तर बंडखोर. शिवाय त्या काळी दर किल्ल्यावर अरबांचे पगार तुंबलेले असत, आणि पगार चुकते झाल्याशिवाय ते धन्यालाही जुमानत नसत. पगार द्यायचा कुणी? मुलूख देऊन बसलेल्या होळकरांनी, की घेऊन बसलेल्या इंग्रजांनी? मंदसोरच्या तहाला याची पर्वा नव्हती. दिंडीतल्या अरबांना बहुधा एवढंच बोलायचं असावं. हा अर्थातच माझा तर्क.

आणि असं घडण्यात थाळनेर एकटं नाही. फाळणीची रॅडक्लिफ रेषा 17 ऑगस्ट 1947 ला जाहीर झाली, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत मुर्शिदाबादेत पाकिस्तानचं निशाण फडकत होतं आणि नंतर कळलं की जिल्हा भारतात आहे. मुलूख आधी वाटला जातो, माणसांना मागाहून कळवतात.

थाळनेरहून शिरपूर आणि तिथून आग्रा रोडने पळासनेरपर्यंत गेलो. नियोजनात हे नव्हतं. पण मंदसोरच्या त्या कलमातली सातपुड्याची रेघ आता कशी दिसते ते पाहायचं मनात आलं. आता तिथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशची सीमा आहे. अलीकडे हाडाखेडचा तपासणी नाका, पलीकडे सेंधवा. सेंधवा त्या तहाने इंग्रजांकडे आला होता, पुढे परत इंदूर संस्थानाकडे गेला आणि म्हणून आज तो मध्य प्रदेशात आहे. दोनशे वर्षं झाली, होळकर गेले, इंग्रज गेले, राज्यं भाषेवर झाली, तरी इथली हद्द थोड्याफार फरकाने त्याच डोंगरावर बसून आहे. पश्चिमेला मात्र 1960 साली हद्द पुन्हा एकदा आखली गेली. मुंबई राज्य फुटलं तेव्हा नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावं पश्चिम खानदेशातून काढून गुजरातेत घातली. म्हणजे पंधराव्या शतकातल्या सुलतानपूर-नंदुरबारचाच परिसर! या वेळी निदान तोफा नव्हत्या. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि लोक त्या सीमेवर उभे राहून फोटो काढतात.

नाक्यावर ट्रकांची रांग होती. एका चालकाला सहज विचारलं, किती वेळ लागतो. "कागद बरोबर असले तर काहीच नाही," तो म्हणाला, आणि मग दहा मिनिटं कागद बरोबर असूनही काय काय होतं ते सांगत राहिला.

संध्याकाळी धुळ्याला आलो. मामेभाऊ अमळनेरला परतला. मी एका जुन्या प्राध्यापक स्नेह्यांकडे उतरलो. इतिहासाचे, आता निवृत्त. धुळ्यात इतिहासाचं वेड असलेल्यांची कमतरता नाही. इतिहासकार राजवाडे इथेच वारले, 1926 च्या 31 डिसेंबरला, आणि त्यांची दप्तरं सांभाळणारं संशोधन मंडळ इथेच उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी मंडळाकडे जायचं ठरवून आम्ही आधी शेवभाजीवर ताव मारला. तर्री अशी की बोलणं काही काळ बंदच.

"खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट कोण, माहीत आहे ना?" सरांनी पाणी पिऊन विचारलं.

कॅप्टन जॉन ब्रिग्ज. 1818 मध्ये एल्फिन्स्टनने त्याला इथे नेमलं. पुण्याहून हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावरचं आणि मुलखाच्या मध्यावरचं गाव म्हणून त्याने धुळे हे ठाणं निवडलं, कचेऱ्या बांधल्या, बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांना पैसे उचल देऊन इथे घरं बांधायला लावली. आजचं धुळे बरंचसं त्याच्या हातचं.

"आणि त्याने फेरिश्त्याच्या इतिहासाचं भाषांतर केलं," सर म्हणाले. "1829 साली छापलं. म्हणजे तुम्ही आज कबरींपाशी जे सगळं आठवत होता ना, नासिरखान आणि होशंगशहा, ते इंग्रजीत आणणारा माणूस थाळनेर पडल्यावर खानदेशचा कारभार करायला आला होता. रात्री चारशे वर्षांपूर्वीचे तह भाषांतरित करायचे आणि दिवसा भिल्लांशी नवे करायचे."

"त्याला थाळनेरबद्दल काय वाटत होतं?"

"ते सोडा. लंडनला काय वाटलं ते ऐका."

1819 च्या मार्चमध्ये पार्लमेंटमध्ये पेंढारी-मराठा युद्धातल्या सेनानींचे आभार मानण्याचा ठराव आला. कॅनिंगने मांडला. हिस्लॉपचं नाव आलं आणि थाळनेरचं निघालं. तहाने आपल्याकडे आलेल्या किल्ल्याच्या किल्लेदाराला, तो शरण आल्यानंतर, फासावर का दिलं? त्याला तहाची खबर खरोखर पोचली होती का? चौकशी होती कुठे? तापीकाठच्या एका मामाच्या फाशीवर थेम्सकाठी उजेडात चर्चा झाली, ही गोष्ट सरांना फार महत्त्वाची वाटत होती. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे की प्रश्न सगळे किल्लेदाराचे होते. दिंडीच्या आत मेलेल्या 300 जणांबद्दल फारसं कुणी विचारलं नाही. ते पगारी अरब होते, त्यांचा ना होळकरांशी रक्ताचा संबंध, ना खानदेशशी. त्यांचा वकील कोण असणार?

"मग ठरावाचं काय झालं?"

"मंजूर झाला. किल्लेदाराच्या फाशीला या आभारांतून संमती दिली असं समजू नये, एवढी पुस्ती जोडली आणि हिस्लॉपचे आभार मानले." सरांनी उरलेली भाकरी तर्रीत चुरली. "उद्या मंडळात लवकर जाऊ. अकरानंतर फार गरम होतं."